परतीची तार

सरकारी दप्तरातून ‘निर्लेखित’ असा शेरा घेऊन एखादी जीपगाडी जेव्हा लिलावाच्या आवारात येऊन उभी राहते, तेव्हा तिच्या अंगावरून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती हात फिरले याचा दाखला कोणत्याही कागदावर सापडत नाही. तो सापडतो डॅशबोर्डाखाली डोके घालून उताणे पडल्यावर, जेथे मूळ कारखान्याच्या तारांच्या जुडीवर नंतर आलेल्या प्रत्येक चालकाने, प्रत्येक वायरमनने आणि प्रत्येक हौशी मालकाने आपापली एकेक तार गुंडाळून ठेवलेली असते. बारा वर्षांपूर्वी मी अशीच एक गाडी विकत घेतली आणि पहिल्याच रविवारी तिच्या पोटात शिरलो, तेव्हा मला तेथे एकूण अकरा तारा अशा आढळल्या की ज्यांचे एक टोक कोठेतरी जोडलेले होते आणि दुसरे कोठेच नव्हते. एका सांध्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून त्यावर सुतळीची गाठ मारलेली होती. घरातील पंख्याला वापरतात तसली पांढरी दुपदरी वायर मागच्या दिव्यापर्यंत गेली होती. आणि ब्रेकवर पाय ठेवला की मागचा डावा इंडिकेटर अंधुकसा उजळत असे. या शेवटच्या चमत्काराचा उलगडा होण्यास मला दोन वर्षे लागली. वाचकाला तितकी लागू नयेत, एवढ्याचसाठी हे पुस्तक लिहिण्याचा खटाटोप केला आहे.

पेशाने मी शाळामास्तर, आणि तोही व्याकरण शिकविणारा. विजेचे शास्त्र मी विद्यालयात शिकलो ते परीक्षेपुरते, आणि परीक्षा संपताच त्या शास्त्राची व माझी जी ताटातूट झाली ती थेट वयाच्या पन्नाशीपर्यंत. म्हणून या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणीत नाही. परंतु ज्याने स्वतःच्या चुकांचे पैसे स्वतः भरले आहेत त्याला त्या चुकांचे वर्णन करण्याचा एक मर्यादित अधिकार असतो, असे माझे मत आहे. आणि जुन्या जीपगाडीत जादा दिवे, हवेचा पंप, दुसरी बॅटरी, मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट किंवा दोर ओढणारे विंच स्वतःच्या हाताने बसवू पाहणाऱ्या गृहस्थाला सिद्धान्तापेक्षा अशा वर्णनाचा उपयोग अधिक होतो, हेही मी पाहिले आहे.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात अशा गाडीची हौस कोणाला का वाटावी, हे परगावच्या माणसास समजावून सांगावे लागते. शहराच्या वेशीबाहेर पाच-सात मैल गेले की डांबरी रस्त्याला फुटणाऱ्या पाणंदी सुरू होतात. दोन्ही बाजूंस ऊस, मधोमध काळ्या मातीचा चिखल, आणि बैलगाडीच्या चाकोरीत भरलेले पाणी. पश्चिमेकडे गेलात तर पन्हाळ्यापलीकडचा मसाई पठाराचा जांभ्याचा सडा आहे, दाजीपूरचे गव्यांचे अरण्य आहे, आणि गगनबावड्यापासून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, जेथे आषाढ-श्रावणात धुके इतके दाट असते की बोनेटचे टोक दिसले तरी चालकाने समाधान मानावे. या मुलखात चार चाकांना जोर असलेली गाडी ही चैन नव्हे. साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने, पाटबंधाऱ्याच्या उपअभियंत्याने, गटविकास अधिकाऱ्याने आणि पुढे पुढे वडापवाल्याने तिचा जो वापर केला, त्यावरून हे सहज ध्यानात यावे. वडाप हा शब्दच मुळी आमच्याकडचा; दहा माणसांच्या गाडीत सतरा बसविण्याच्या त्या विद्येला पुण्या-मुंबईकडे नावसुद्धा नाही.

आणि स्वतःच्या हाताने करण्याची खुमखुमी? ती तर या गावच्या पाण्यात आहे. बाबूराव पेंटर म्हणून ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो, त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणण्याइतका पैसा जवळ नाही, तर तो येथेच घडवावा, असा ध्यास त्यांनी व त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव यांनी घेतला; आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, तरी बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून काम तडीस नेले, आणि त्या घरच्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ चित्रित होऊन १९२० साली लोकांसमोर आला. ज्या गावात कॅमेरा लेथवर घडतो, त्या गावात पुढे शेतीची ऑइल इंजिने ओतली जावीत, शिवाजी उद्यमनगरच्या बोळाबोळांतून ड्रिल आणि ग्राइंडर यांचा आवाज दिवसभर यावा, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशभरच्या मोटार कारखान्यांना ओतीव भाग जावेत, यात नवल नाही. एखादा कंस, एखादी पट्टी, बॅटरी ठेवण्याचा एखादा लोखंडी पाट पाहिजे असेल, तर माप घेऊन उद्यमनगरात जावे. चहा होईपर्यंत हातात मिळतो. या सोयीमुळे येथील हौशी माणूस थोडा बिघडलाही आहे, हे कबूल केले पाहिजे. लोखंड त्याला इतके वश आहे की, वीजही तितकीच वश असेल असे तो गृहीत धरतो. आणि लोखंड चुकले तर दिसते, तसे विजेचे होत नाही.

जीपगाडीचा पूर्वेतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी घडविलेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी मुंबईत जोडावयास घेतली, आणि १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे संस्थानी मोटारींचा जमाना संपण्याची आणि सरकारी जीपचा सुरू होण्याची घटिका जवळजवळ एकच. (त्या पूर्वीच्या जमान्याची आठवण म्हणून छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याला अजून बाहेर निघते, आणि सोने लुटण्यास आलेले निम्मे लोक तिच्याकडेच पाहत राहतात.) आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या इतिहासातील एकच गोष्ट महत्त्वाची आहे: युद्धातील ती मूळ जीप सहा व्होल्टची होती. साठ वॉटचा दिवा सहा व्होल्टवर लावावयाचा तर त्यास दहा अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर पाच, आणि लष्करी गाड्यांतील चोवीस व्होल्टवर अवघा अडीच. दाब वाढला की प्रवाह कमी पुरतो, आणि प्रवाह कमी तर तार बारीक चालते. सहा व्होल्टवरून पुढे बारा व्होल्टवर सर्व मोटारी का आल्या, याचे पुष्कळसे रहस्य या साध्या भागाकारात आहे.

हा भागाकार ज्याला जमतो त्याला गाडीचा जमाखर्च लिहिता येतो. आणि माझ्या मते जादा वस्तू बसविण्याच्या कामाला आरंभ पक्कड-पान्ह्याने न करता कीर्दवहीने करावा. अल्टरनेटर ही जमा. बॅटरी ही शिल्लक. दिवे, वायपर, हॉर्न, पंखे हा खर्च. माझ्या गाडीच्या अल्टरनेटरवरील पाटीवर ३५ अँपिअर असा आकडा आहे, आणि तोही इंजिन चांगले फिरत असताना; गाडी उभी असून इंजिन मंद चालले असेल तर त्याच्या निम्मेही पदरात पडत नाही. आता पावसाळी रात्रीचा खर्च मांडा. दोन हेडलाइट प्रत्येकी साठ वॉटचे, म्हणजे दहा अँपिअर; मागचे, बाजूचे आणि नंबरपाटीचे दिवे मिळून अडीच-तीन; वायपर चार-पाच; काचेवरील धुके घालविणारा पंखा असल्यास आणखी तितकेच. बेरीज वीस-बावीसच्या घरात जाते. उरतात तेरा-चौदा अँपिअर, आणि तेवढ्यावर आपले स्नेही शंभर-शंभर वॉटचे दोन दिवे बसवून मोकळे होतात, ज्यांचा खर्च सोळा-सतरा अँपिअर आहे. खाते तुटीत गेले. पहिल्या अर्ध्या तासात कोणाला काही कळत नाही, कारण तूट बॅटरीच्या शिलकीतून भरून निघत असते. कळते ते घाटाच्या माथ्यावर चहासाठी थांबून पुन्हा सेल्फ मारल्यावर, जेव्हा इंजिनाऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो.

विंचची गोष्ट तर याहून नमुनेदार. चिखलात रुतलेली गाडी पूर्ण ताकदीने ओढताना ते चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह मागते, आणि एवढी मागणी पुरविणे कोणत्याही अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेरचे आहे. तो सारा खर्च शिलकीतून होतो. पाच मिनिटे सलग ओढले तर तेहतीस अँपिअर-तास संपले, आणि साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक पुंजी एका पाणंदीत खर्ची पडली. म्हणून विंच बसवावयाचे असेल तर दुसरी बॅटरी आणि त्या दोन खात्यांमध्ये एक भिंत, म्हणजे आयसोलेटर, यांची तजवीज आधी करावी. माझा स्वतःचा कल असा आहे की, आमच्या भागात विंच बहुधा अनावश्यक आहे: दहा मिनिटांच्या अंतरावर कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर असतोच, आणि तो ओढून काढणारा शेतकरी वर चहाही पाजतो.

जमाखर्च जुळला तरी एक खर्च असा असतो की जो वहीत दिसत नाही. बॅटरीतून निघालेली वीज जुन्या गाडीत किल्लीच्या स्विचातून दिव्यांच्या स्विचात, तेथून डिपरमध्ये, तेथून फ्यूजपेटीत आणि मग कोठे हेडलाइटपाशी पोहोचते. वाटेत प्रत्येक नाक्यावर तिला थोडी जकात भरावी लागते. मी एकदा इंजिन चालू ठेवून मोजले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि दिव्याच्या मागे ११.९. दोन व्होल्टांस काय होते असे म्हणू नये, कारण हॅलोजनच्या दिव्याचा स्वभाव मोठा मानी आहे: दाब एक दशांशाने घटला तर प्रकाश जवळजवळ तीन दशांशांनी घटतो. माझ्या दिव्यांचा सुमारे चाळीस टक्के प्रकाश अशा रीतीने जकातीत जात होता, आणि मी मात्र बाजारात अधिक वॉटचे बल्ब धुंडाळीत होतो, ज्यांनी प्रवाह वाढून जकातही वाढली असती.

यावरचा उपाय म्हणजे रिले. काड्यापेटीएवढी ही काळी डबी पुष्कळ लोकांना गूढ वाटते, पण तिची रीत जुन्या खजिन्याच्या कारभारासारखी आहे. खजिन्यातील थैली स्वतः उचलून दरबारात आणावयाची नसते. दरबारातून नुसती शिक्क्याची चिठ्ठी जाते, आणि खजिन्याचे दार तेथल्या तेथे उघडून रक्कम परस्पर अदा होते. रिलेच्या पायांवर चार आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ हे चिठ्ठीचे पाय. त्यांमधून डॅशबोर्डावरील स्विचाचा पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो आणि आतील गुंडाळीचे लोहचुंबक होते. ३० हा बॅटरीकडून आलेला पाय आणि ८७ हा दिव्याकडे जाणारा. चुंबकाने पत्रा ओढला की हे दोन जुळतात, आणि मोठा प्रवाह जाड तारेतून आखूड वाटेने थेट दिव्याकडे जातो. जुना स्विच राहतो, जुनी वाट राहते, फक्त तिच्यावरचा भार उतरतो. चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर तांब्याची तार घालून मी हे केले, तेव्हा दिव्याच्या मागे १३.४ व्होल्ट मिळाले आणि त्या रात्री कळंब्याच्या रस्त्यावर जुनेच बल्ब पाहून मला नवी गाडी घेतल्यासारखे वाटले. तार निवडताना दुकानदारास गाडीचे नाव सांगू नये. प्रवाह किती आणि अंतर किती हे सांगावे. टपावर पंधरा अँपिअरचा दिवा नेताना पाच मीटर अंतराला दीडची तार घातली तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेत हरवतो. चारची घातली तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

फ्यूजविषयी बोलताना मला नेहमी राधानगरीचे धरण आठवते. शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात आमच्या वर्तमानपत्रांत ठळक बातमी होऊन येतात: पाणी ठराविक पातळीस पोहोचले की त्यांपैकी एकेक आपोआप उघडतो, त्यासाठी कोणाला बटण दाबावे लागत नाही की कोणाचा हुकूम लागत नाही. धरणाच्या भिंतीत असा शहाणा दरवाजा ठेवलेला आहे. फ्यूजही असाच कोणाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतः वितळून आपल्यामागचे वाचवितो. मात्र तो नेमके कोणाचे रक्षण करतो याविषयी मोठाच गैरसमज आहे. दिव्याचे रक्षण हे त्याचे काम नव्हे, ते तारेचे. दिवा जळाला तर शे-दोनशे रुपये जातात. तार तापली तर तिच्यासह बाकीच्या चाळीस तारा वितळतात आणि गाडी जाते. म्हणून फ्यूजचा आकडा तारेला झेपेल त्याहून मोठा कधीच असू नये, आणि त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरावर असावी. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तार ही वेशीबाहेरची वस्ती होय, तिला कोणाचाच बंदोबस्त नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना उपदेश करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. त्यांच्या गाडीत मात्र बसत नाही.

आता एका रात्रीची हकीकत, जिच्यामुळे या पुस्तकाला त्याचे मुख्य प्रकरण मिळाले.

जुलै महिना होता. वैभववाडीहून मी आणि माझा मेहुणा करूळ घाट चढत होतो. रिले नवे, तारा नव्या, फ्यूज नवे, सर्व काही मी स्वतःच्या हाताने एका महिन्यात बसविलेले. इतकेच नव्हे, तर काम स्वच्छ दिसावे म्हणून चासीचा जुना गंज खरवडून तिला दोन हात काळा रंगही दिलेला. अर्ध्या घाटात, एका खड्ड्याच्या धक्क्यासरशी दोन्ही हेडलाइट मंद झाले, पुढच्या खड्ड्यास पुन्हा लागले, आणि तिसऱ्यास जे गेले ते गेलेच. काचेमागे नुसती तांबूस काडी दिसत राहिली. जुन्या डिझेल इंजिनाला चालण्यासाठी विजेची गरज नसते, म्हणून ते निमूट चालू होते. पाऊस, धुके आणि अंधार यांत मी बोनेट उघडून उभा राहिलो, आणि टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावून एकेक सांधा तपासत गेलो. फ्यूजपाशी वीज होती. रिलेपाशी होती. दिव्याच्या मागच्या तारेतही होती. सर्वत्र वीज होती आणि उजेड कोठेच नव्हता. व्याकरण निर्दोष असून अर्थ लागू नये, अशी ती अवस्था.

पाऊण तासाने भाजीचा एक पिकअप टेम्पो मागून आला. त्याचा चालक पंचविशीचा असेल. त्याने काही विचारले नाही, काही मोजले नाही, दिव्यांकडे एकदा पाहून म्हणाला, “काका, लांब वायर हाय का एकादी?” मी दिली. तिचे एक टोक त्याने बॅटरीच्या ऋण टोकाखाली अडकवले आणि दुसरे हेडलाइटच्या काळ्या तारेला नुसते पिळून लावले. दोन्ही दिवे भडकन लागले, धुक्याची पांढरी भिंत समोर उभी राहिली, आणि तो आपल्या गाडीकडे वळता वळता एवढेच म्हणाला, “अर्थिंग गेलंय बगा.”

दुसऱ्या दिवशी मी गाडी उद्यमनगरातील एका वृद्ध वायरमनकडे नेली, ज्यांना मी मिस्त्री म्हणतो आणि जे मला मास्तर म्हणतात. त्यांनी पुढच्या चाकाजवळचा एक बोल्ट सोडवला, त्याखालचे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची कडी, बाजूला केले आणि मला वाकून पाहावयास सांगितले. थिंबलाखाली माझा सुंदर काळा रंग होता. मोटारीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. वीज परत बॅटरीकडे येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून, आणि त्या अंगात तिने जेथे शिरावयाचे त्याच दारावर मी दोन हात रंग देऊन ठेवला होता. जे काही थोडे लोखंड बोल्टाच्या आट्यांतून स्पर्श करीत होते त्यावर महिनाभर निभावले, आणि घाटातील धक्क्यांनी तेही सुटले. मिस्त्रींनी कानस घेऊन रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, थिंबल बसवले, दातेरी वॉशर घातले, बोल्ट आवळून वर बोटाने ग्रीस माखले, आणि हात पुसत म्हणाले, “मास्तर, जाणारी वायर समदी बगत्यात. परत येनारीला कोन इचारत न्हाई.”

या वाक्याने माझ्या बारा वर्षांतील बहुतेक कोड्यांची उत्तरे दिली आहेत. ब्रेक दाबला असता इंडिकेटर का उजळत होता? मागच्या दिव्याचे परतीचे दार गंजले होते, म्हणून ब्रेकच्या दिव्यातून निघालेली वीज इंडिकेटरच्या बल्बातून उलटी शिरून पुढच्या इंडिकेटरच्या दाराने घरी जात होती. वाट अडली की वीज शेजाऱ्याच्या अंगणातून जाते. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल का तापते, असे एका स्नेह्याने मागे विचारले होते. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. त्याला चासीशी जोडणारी विणीव पट्टी तुटली, की सेल्फचा दोनशे-तीनशे अँपिअर प्रवाह परत येण्यासाठी सापडेल ती लोखंडी वस्तू धरतो, आणि ती कित्येकदा बिचारी केबल असते. गणिताने पाहिले तरी तेच: परतीच्या सांध्यात एका ओहमचा दहावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी दहा अँपिअरच्या दिव्यास एक व्होल्टाचा तोटा येतो.

गळीत हंगामात रात्री कोल्हापूर-गारगोटी किंवा कोल्हापूर-सांगली रस्त्याने गेलेल्यास याचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक फुकट पाहावयास मिळते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढून पाहावा तर रंगीबेरंगी माळा, टपावर झगझगीत पट्टी आणि कानठळ्या बसविणारा टेप. मागून पाहावे तर काळोख, किंवा फार झाले तर एक तांबडा दिवा, तोही प्रत्येक धक्क्याला डोळे मिचकावणारा. त्या दिव्याकडे जाणारी तार बहुधा शाबूत असते. परतीचा प्रवास मात्र वीज ग्रीसने माखलेल्या हुकाच्या पिनेतून, एका ट्रॉलीतून दुसरीत, असा करीत असते, आणि पीन खुळखुळली की दिवा विझतो. दोन पदरी वायर घालून परतीची तार स्वतंत्र नेली तर हा दोष जातो. खर्च टेपच्या एका कर्ण्याहून कमी येतो. मागून मोटारसायकलीवर येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या तारेची किंमत काय, हे मी येथे लिहीत बसत नाही.

पुराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. त्या दिवसांत ज्या जीपगाड्यांनी गुडघाभर पाण्यातून माणसे आणि औषधे वाहिली, त्यांपैकी पुष्कळ त्या आठवड्यात बंद पडल्या नाहीत. त्या बंद पडल्या दिवाळीत. बारा व्होल्टची वीज पाण्याने तत्काळ बुजत नाही, परंतु गढूळ पाणी जोडाच्या खोबणीत, तारेच्या कापलेल्या तोंडातून आत, केशाकर्षणाने वीत-वीत चढते, आणि मग आतल्या तांब्याला कळंक येतो. पितळेच्या भांड्यात ताक राहिले असता जो हिरवा कळंक आपल्या आज्यांना अस्वस्थ करीत असे, तोच हा. वरचे रबर जसेच्या तसे असते; टोक सोलले की तांबे काळे-हिरवे निघते. म्हणून पुरानंतर जोड एकेक करून उघडावेत, गोड्या पाण्याने धुवावेत, वाळवावेत आणि ग्रीस लावून मिटावेत. सांधा करताना डाग द्यावा की थिंबल दाबावे, या वादात मी दाबण्याच्या पक्षाचा आहे: शिसे-कथलाचा डाग तारेच्या पदरांत शोषला जाऊन ती तेवढ्या भागापुरती काडीसारखी ताठ होते, आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्या काडीच्या शेवटी मोडते. स्थिर यंत्रात डाग उत्तम. जीप हे स्थिर यंत्र नव्हे.

कायद्याचा भाग थोडक्यात आटोपतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीदाखल्यातील तपशील व मूळ कारखान्याचा आराखडा यांस छेद देणारा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अंगाने निर्वाळा दिला आहे. पुढच्या बंपरावरील लोखंडी गार्डाविरुद्ध केंद्र सरकारचे पत्र त्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये निघाले होते. गाडीच्या पुढे शोधदीप बसविण्यास पूर्वपरवानगी लागते. तेव्हा या पुस्तकातील दिव्यांचे प्रकरण वाचून कोणी टपावर प्रकाशाची तुळई चढविली आणि ऐटीत ताराबाई पार्कात आरटीओच्या दारावरून गेला, तर त्याने माझा हवाला देऊ नये. धुक्यात ती तुळई निरुपयोगीही असते. पांढरा झोत डोळ्यांच्या उंचीवरून निघाला की धुके तो तसाच परत डोळ्यांत फेकते. बंपराखाली, जमिनीलगत पसरणारे दोन पिवळसर दिवे त्याहून पुष्कळ अधिक रस्ता दाखवितात. आणि दाजीपुरासारख्या अरण्याच्या कडेने रात्री जाताना तर झोत खालीच असू द्यावा. तेथील गवा आपल्या गाडीत काय सुधारणा झाल्या आहेत हे पाहण्यास उत्सुक नसतो.

दिव्यांखेरीज इतर सोयींचा ऊहापोह उत्तरार्धात केला आहे. त्यांपैकी हवेच्या पंपाची शिफारस मी नि:शंकपणे करतो: चिखलात वा वाळूत टायरची हवा कमी करून निघणे सोपे असते, पण डांबरीवर आल्यावर ती पुन्हा भरल्याशिवाय चाळीस मैल जाणे धोक्याचे. पाण्याचा कॅन बांधण्याचा पट्टा, बोनेटखाली एक छोटा दिवा, आणि फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस शाईने लिहिलेली यादी, या तीन गोष्टींना मिळून पाचशे रुपयेही लागत नाहीत. यादी स्वच्छ अक्षरात लिहावी. पुढे केव्हातरी ही गाडीही विकली जाईल, आणि कोणीतरी अनोळखी मनुष्य एका रविवारी तिच्या डॅशबोर्डाखाली उताणा पडेल.

कामाला हात घालण्यापूर्वी बोटातील अंगठी आणि मनगटावरील घड्याळ काढून ठेवावे, आणि बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी सोडवावे, जोडताना शेवटी जोडावे. कारण उघड आहे: धन टोकावरचा नट फिरवीत असता पान्हा गाडीच्या पत्र्याला टेकला, आणि ऋण टोक जोडलेलेच असेल, तर त्या पान्ह्यातून शेकडो अँपिअर धावतात. माझ्याजवळ असा एक दहा नंबरचा पान्हा आहे, ज्याच्या दांड्यावर अर्धचंद्राकृती खाच पडलेली आहे. तो मी कपाटात ठेवला आहे आणि नव्या शिकाऊंना दाखवितो.

या पुस्तकातील आकृत्या मिस्त्रींनी तपासल्या, दोन ठिकाणी माझी चूक दाखविली, आणि एका ठिकाणी मी त्यांच्याशी हुज्जत घातली ती हरलो. मुखपृष्ठावर त्यांचे नाव घालण्याची परवानगी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा त्यांनी मान हलविली. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा ते एका ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याखाली बसले होते, वर न पाहताच म्हणाले, “नाव नगं मास्तर. त्ये अर्थिंगचं पान तेवढं म्होरं घ्या.” म्हणून हस्तलिखितात सातवे असलेले ते प्रकरण येथे पहिले छापले आहे.

कोल्हापूर